स्मार्ट वीजमीटर देशभर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मार्ट मीटरबद्दल लोक विचारतात ते बहुतेक भिंतीवरच्या डब्याबद्दल. खरी भानगड मात्र डब्याच्या बाहेर असते: मीटर कोणाच्या मालकीचा, त्याचा खर्च कोणाच्या बिलात, त्यातली माहिती कोणाकडे जाते आणि वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडतो. म्हणून इथे तांत्रिक प्रश्न थोडक्यात आटोपले आहेत आणि व्यवहाराच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

माझ्या मीटरवर डिजिटल आकडे दिसतात. म्हणजे तो स्मार्टच ना?

नाही. फिरत्या चकतीचा मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले ती पहिली पायरी होती. स्मार्ट मीटर त्यापुढे तीन गोष्टी करतो. वापर १५, ३० किंवा ६० मिनिटांच्या तुकड्यांत नोंदवतो, ती नोंद स्वतःहून पाठवतो आणि उलट दिशेने आलेली आज्ञा पाळतो. नवा दर लागू करणं, भाराची (म्हणजे एका वेळी किती वीज ओढता येईल त्याची) मर्यादा बदलणं, पुरवठा तोडणं किंवा जोडणं या त्या आज्ञा. फक्त रीडिंग पाठवणारे, पण आज्ञा न घेणारे मीटरही बरीच वर्षं वापरात होते. त्यांना स्मार्ट म्हणायचा प्रघात नाही.

रीडिंग पाठवतो कसा?

तीन मार्ग आहेत. विजेच्या तारेतूनच संदेश पाठवायचा, शेजारच्या मीटरांनी रेडिओवरून एकमेकांकडे संदेश सरकवत न्यायचा, किंवा मोबाइलसारखं सिम घालायचं. दाट वस्तीत पहिले दोन स्वस्त पडतात. विरळ वस्तीत, तळघरात आणि जाड भिंतींच्या इमारतीत सगळ्यांचीच दमछाक होते. ब्रिटनने तर देशाचे भाग पाडले. दक्षिणेत आणि मध्यभागात मोबाइल जाळं, उत्तरेत लांब पल्ल्याचा स्वतंत्र रेडिओ.

ज्याला हवा त्याने घ्यावा. सगळ्या देशाचे मीटर एकदम कशाला बदलायचे?

कारण बराचसा फायदा ग्राहकाला एकट्याने मिळतच नाही. एका गल्लीतल्या दहा घरांपैकी तीन घरांत स्मार्ट मीटर असेल तर उरलेल्या सात घरांसाठी रीडिंग घेणारा माणूस पाठवावाच लागतो. रोहित्रातून किती वीज बाहेर पडली आणि घराघरांत किती पोचली, याची वजाबाकी करून गळती आणि चोरी नेमकी कुठे होते ते शोधता येतं. पण त्यासाठी त्या रोहित्रावरची जवळपास सगळी घरं मोजली जायला हवीत. पुरवठा गेल्याचं मीटर स्वतः कळवतो. वीज जाताना त्यातल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या ऊर्जेवर तो शेवटचा संदेश धाडतो. हेही सलग जाळं असेल तरच दुरुस्तीच्या कामाला येतं.

तरीही ‘सगळ्यांना एकदम’ हे सगळीकडे पटलेलं नाही. युरोपीय संघाने २००९ मध्ये सदस्य देशांना सांगितलं की नफा-तोट्याचा हिशेब करा आणि तो फायद्याचा निघाला तर २०२० पर्यंत ८० टक्के ग्राहकांकडे मीटर पोचवा. जर्मनीत २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात छोट्या घरांसाठी हा व्यवहार तोट्याचा ठरला. मग २०१६ च्या कायद्याने वर्षाला ६,००० युनिटच्या वर वापर असणारे आणि सौरपॅनेलसारखी निर्मिती करणारे ग्राहक आधी घेतले. माझ्या मते हा शहाणपणाचा क्रम होता. त्यानंतर जर्मनी वर्षानुवर्षं प्रमाणपत्रांच्या फायलींत अडकून पडली, हा भाग वेगळा.

हे काम कोणी करायचं? तारा सांभाळणाऱ्या कंपनीने की वीज विकणाऱ्या कंपनीने?

संपूर्ण योजनेत याहून मोठा निर्णय नाही आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

इटलीत एनेल ही कंपनी बहुतेक देशाचं वितरण सांभाळत होती. २००१ ते २००६ या काळात तिने सुमारे ३ कोटी मीटर बदलले. कारण उदात्त नव्हतं: रीडिंगचा, फेऱ्यांचा आणि चोरीचा खर्च तिच्याच वहीत पडत होता, त्यामुळे बचतही तिच्याच वहीत दिसणार होती. खर्च करणारा आणि बचत खाणारा एकच असला की काम सरळ चालतं. सुमारे २१० कोटी युरो घातले आणि वर्षाला ५० कोटींच्या आसपास बचत झाली, असा त्याचा हिशेब नेहमी सांगितला जातो.

ब्रिटनने उलटं केलं. तिथे मीटर बसवायची जबाबदारी वीज विकणाऱ्या कंपन्यांवर टाकली. स्पर्धेमुळे काम स्वस्तात आणि झटपट होईल असा विचार होता. प्रत्यक्षात एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे कामगार वेगवेगळ्या दिवशी येऊ लागले. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या पिढीचे मीटर ज्याच्या त्याच्या जाळ्यावर चालत होते. ग्राहकाने कंपनी बदलली की मीटर मुका होई आणि रीडिंग पुन्हा हाताने लिहून घ्यावं लागे. कंपनी बदलायचं स्वातंत्र्य सुखाचं व्हावं म्हणून आणलेला मीटर त्याच स्वातंत्र्यात मोडत होता. २०१३ मध्ये सर्वांसाठी एकच दळणवळण कंपनी नेमली होती, पण ते जाळं सुरू होऊन जुने मीटर त्यावर येईपर्यंत वर्षं गेली. २०२३ अखेरीस वीज आणि गॅस मिळून सुमारे ४० लाख मीटर स्मार्टपणे चालत नव्हते, अशी तिथल्या सरकारचीच आकडेवारी आहे.

ऑस्ट्रेलियाने तिसरी वाट धरली. १ डिसेंबर २०१७ पासून मीटर हाच स्पर्धेचा धंदा केला. वीजविक्रेता मीटर-कंपनी निवडेल, वितरण कंपनी बाजूला. गती इतकी मंद राहिली की शेवटी २०३० पर्यंत सगळ्यांकडे मीटर पोचवायचा नियम २०२४ मध्ये करावा लागला.

भारतात खासगी संस्था पैसे घालून मीटर बसवते, काही वर्षं चालवते आणि प्रत्येक चालू मीटरमागे वितरण कंपनीकडून दरमहा शुल्क घेते. कंपन्यांकडे भांडवल नसताना ही सोय झाली. पण कराराच्या काळात कोणती चूक कोणाची, हे कागदावर स्पष्ट नसेल तर तक्रार घेऊन आलेला ग्राहक दोन दारांमध्ये फिरत राहतो.

मीटर मोफत बसवतात असं सांगितलं. मग खर्च कोण करतं?

तुम्हीच. ‘मोफत’चा अर्थ एवढाच की बसवायला आलेला माणूस पैसे मागणार नाही. खर्च दरात, स्थिर आकारात किंवा करात मिसळतो आणि सगळ्यांकडून हळूहळू वसूल होतो. त्यात गैर काही नाही, पण तो किती आणि किती वर्षं वसूल होणार हे आधी जाहीर झालं पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मीटर सक्तीचे होते आणि खर्च बिलातून घेतला गेला. २०१५ मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी हिशेब तपासला तेव्हा ग्राहकांनी सुमारे २२४ कोटी डॉलर भरल्याचं आणि एकंदर व्यवहार फायद्याऐवजी तोट्याचा ठरल्याचं दिसलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०० कोटी डॉलरचा अंदाज होता. २०१४ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांना आकडा २०० कोटींच्या जवळ गेलेला आढळला. दोन्हीकडे मीटर चालत होते. चुकला होता तो फायद्याचा अंदाज.

नवीन मीटर लागल्यापासून बिल वाढलं. मीटर पळतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याला ‘गैरसमज’ म्हणून उडवून लावणं ही कंपन्यांची जुनी खोड आहे.

एकेक कारण पाहू. जुन्या चकतीच्या मीटरचे बेअरिंग वर्षानुवर्षं झिजतात, घर्षण वाढतं आणि मीटर मागे पडतो. अगदी लहान भारावर त्याची चकती फिरतच नाही. नवा मीटर त्याही भाराची नोंद करतो. बंद दिसणारा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, चार्जर मिळून सतत ५ वॅट ओढत असतील तर वर्षाला साधारण ४४ युनिट होतात. म्हणजे नवा मीटर जास्त दाखवतो हे खरं असू शकतं आणि तो बरोबर असू शकतो, हेही खरं असू शकतं. दुसरं कारण सरासरी बिलांचं. काही महिने अंदाजे बिल आलेलं असतं, मीटर बदलताना खरं रीडिंग निघतं आणि मागची थकबाकी नव्या मीटरच्या पहिल्या बिलात येऊन बसते. शिव्या मात्र नव्या मीटरला बसतात. तिसरं कारण कमाल मागणी, म्हणजे तुम्ही एका वेळी ओढलेला सर्वाधिक भार. पूर्वी तुमचा भार मंजूर भाराच्या वर गेला तरी कोणाला कळत नव्हतं, आता कळतं. भारतात २०२३ च्या नियमाने मीटर बसवण्याआधीच्या काळासाठी या कारणाने दंड लावायला मनाई केली आहे. हा नियम माहीत असलेला बरा.

ऋतू आणि दरवाढ यांचाही हात असतो. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये २००९ च्या उन्हाळ्यात तक्रारींचा पूर आला. नियामकाने त्रयस्थांकडून तपासणी करून घेतली. २०१० च्या अहवालात मीटर अचूक निघाले. उष्णतेची लाट आणि दरवाढ एकाच वेळी आली होती. त्याच अहवालाने कंपनीने ग्राहकांना दिलेल्या वागणुकीवर मात्र ताशेरे ओढले.

मीटर चुकतच नाहीत असंही नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. डिमर लावलेल्या एलईडी आणि सीएफएल दिव्यांसारख्या, प्रवाहाची लहर फार विस्कटवणाऱ्या भारावर त्यातल्या पाच मीटरांनी जास्त रीडिंग दिलं, एकाने तर ५८२ टक्क्यांपर्यंत. दोघांनी सुमारे ३० टक्के कमी दाखवलं. भार मुद्दाम टोकाचा जुळवलेला होता, घराघरांत असं होत नाही. पण ‘मानकात पास झाला’ म्हणजे प्रत्येक परिस्थितीत बरोबर, असं होत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं.

खात्री कशी करायची?

मीटर बदलताना जुन्याचं अखेरचं रीडिंग, दोन्ही मीटरांचे क्रमांक आणि सील यांचा फोटो काढा. हे एक काम नव्वद टक्के वाद मिटवतं. त्यानंतर मुख्य स्विच बंद करून मीटरवरचा दिवा लुकलुकतो का पाहा. सगळं बंद असताना युनिट पुढे सरकत असतील तर वायरिंगमध्ये गळती असेल किंवा दुसऱ्याचा भार तुमच्यावर जोडलेला असेल. तरी शंका राहिली तर समांतर चेक मीटर मागा. भारतात २०२४ च्या दुरुस्तीनुसार अशी तक्रार आल्यास पाच दिवसांत जादा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करणं वितरण कंपनीला बंधनकारक आहे.

मीटर स्वतःच वीज खातो ना?

खातो, वॅट-दोन वॅट. ती वीज साधारणपणे मोजणीच्या आधीच्या बाजूने घेतली जाते, त्यामुळे तुमच्या युनिटांत येत नाही. वितरण गळतीत जाते.

वीज वाचते का?

मीटरने नाही, मीटरकडे पाहून तुम्ही काही केलंत तर. ब्रिटनमध्ये मीटरबरोबर घरात ठेवायचा छोटा पडदा दिला होता. २०१५ च्या सरकारी अभ्यासात विजेची बचत २ टक्क्यांच्या थोडी वर भरली. जाहिरातीत शोभणारा आकडा नाही, पण खोटा नाही. पडदा कपाटात गेला की तोही संपतो.

वेळेनुसार दर कशासाठी? एकच दर काय वाईट होता?

यासाठी घाऊक बाजाराकडे पाहावं लागतं. तिथे वीज १५ किंवा ३० मिनिटांच्या तुकड्यांनी विकली जाते. ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबर २०२१ पासून हिशेब पाच मिनिटांचा आहे. भाव दिवसभर वरखाली होत राहतो. घरचा जुना मीटर मात्र फक्त एवढंच सांगतो की दोन रीडिंगच्या मध्ये ३०० युनिट गेले. कधी गेले ते कळत नाही. मग घरगुती वापराचा एक सरासरी नमुना आखतात आणि तुमचे ३०० युनिट त्या नमुन्याप्रमाणे दिवसभर पसरले असं समजून तुमच्या विक्रेत्याकडून पैसे घेतात. मध्यरात्री गाडी चार्ज करणाऱ्याच्या नावावरही संध्याकाळची महाग वीज मांडली जाते. त्याच्या शिस्तीचा फायदा सगळ्यांत वाटला जातो, म्हणजे त्याला जवळपास काहीच मिळत नाही. अशा हिशेबात विक्रेत्याने स्वस्त रात्रीचा दर का द्यावा?

म्हणून मीटर बसवून भागत नाही. घाऊक हिशेब त्या मीटरच्या आकड्यांवर आणावा लागतो. बऱ्याच देशांनी मीटर आधी बसवले आणि हे काम नंतरवर टाकलं. ब्रिटनमध्ये मीटर बसवायला सुरुवात होऊन दशक उलटल्यावर, २०२५ मध्ये, घरांचे हिशेब अर्ध्या तासावर नेण्याचं काम सुरू झालं. स्पेनने मात्र नियंत्रित दर घेणाऱ्या घरांना २०१५ मध्येच तासागणिक बिल लावलं. नॉर्वेसारख्या देशांनी सगळ्या मीटरांचे आकडे एका मध्यवर्ती संगणकीय केंद्रात आणले. विक्रेता बदलला तरी आकडे तिथेच राहतात.

दर कितीने कमी-जास्त आहे, यावर सगळं अवलंबून. ओंटारिओत स्वस्त आणि महाग वेळेतला फरक फारसा नव्हता, लोकांनी सवयी बदलल्या नाहीत आणि साऱ्या प्रांताची कमाल मागणी कमी करायचं लक्ष्य हुकलं. फरक मोठा ठेवला की दुसरी गंमत होते. दर उतरायच्या क्षणी हजारो गाड्या एकदम चार्जिंगला लागतात. त्यासाठी ब्रिटनमध्ये घरच्या चार्जरला १० मिनिटांपर्यंत यादृच्छिक (प्रत्येक वेळी कसाही, वेगवेगळा) उशीर सक्तीचा केला आहे.

आणि ज्याला वेळ बदलताच येत नाही त्याचं काय? घरात आजारी माणूस आहे, संध्याकाळीच स्वयंपाक होतो, कामाच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. त्याला नवा दर शिक्षेसारखा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या २०२४ च्या नियमात मीटर बदलल्यावर दोन वर्षं ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय दराची रचना बदलता येत नाही. ही तरतूद प्रत्येक योजनेत असायला हवी. नाहीतर लोक मीटरलाच दरवाढ समजतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

थेट बाजारभावाचा दर घेतला तर?

स्वस्त दिवसांत मजा आहे. टेक्सासमध्ये ग्रिडी नावाची कंपनी ग्राहकांना घाऊक भाव जसाच्या तसा लावत होती. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात भाव प्रति मेगावॅट-तास ९,००० डॉलरच्या मर्यादेला जाऊन टेकला, म्हणजे युनिटला ९ डॉलर. लोकांना काही दिवसांत हजारो डॉलरची बिलं आली आणि मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कमाल मर्यादा लिहिलेली नसेल तर असा करार करू नये.

प्रीपेड सक्तीचं असतं का?

स्मार्ट मीटर आणि प्रीपेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच मीटर दोन्ही पद्धतींनी चालतो आणि बदल दुरून होतो. भारतातल्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी प्रीपेड मीटरांचं उद्दिष्ट होतं, कारण तिथला मूळ रोग थकबाकी हा होता. कंपनीच्या दृष्टीने पैसे आधी मिळतात. ग्राहकाच्या दृष्टीने उधारीचा महिनाभराचा अवधी जातो. ज्याची कमाई रोजची आहे त्याला थोडं थोडं भरणं सोयीचंही पडतं, पण पैसे संपले की अंधार कोणालाही न विचारता येतो.

ब्रिटनमध्ये थकबाकीदारांचे मीटर वॉरंट घेऊन किंवा दुरूनच प्रीपेडवर वळवले जात होते. त्यात आजारी आणि वृद्धही सापडले. प्रकरण उघडकीस आल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये सक्तीची बसवणी थांबवावी लागली आणि नंतर कोणाला प्रीपेडवर टाकायचं नाही याचे नियम आले. रात्री, सुटीच्या दिवशी आणि वैद्यकीय उपकरणांवर असलेल्या घरी पुरवठा तुटणार नाही, हे नियमात आधीच लिहा.

दुरून वीज तोडता येते म्हणजे कोणी घुसखोरी करून शहर अंधारात टाकू शकतो?

घुसखोराची गरजही लागत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात चुकीच्या आज्ञेमुळे लाखाहून अधिक स्मार्ट मीटरांचा पुरवठा तुटला. उपाय माहीत आहेत. तोडण्याच्या आज्ञेवर दोन वेगळ्या संस्थांची सही लागावी. एका तासात ठरावीक संख्येपेक्षा जास्त मीटर तुटत असतील तर यंत्रणेने आपोआप अडवावं. जोडायची आज्ञा दळणवळण बंद असतानाही मीटरवरून देता यावी. निविदा काढताना हे लिहिलं नाही तर नंतर घालायला फार महाग पडतं.

माझ्या वापराचे आकडे कोण पाहतं?

पंधरा मिनिटांच्या आकड्यांवरून घरात कोणी आहे का, कधी उठतात, कधी गावाला गेलेत हे सहज कळतं. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात २०१८ मध्ये अपील न्यायालयाने असे आकडे गोळा करणं ही घटनेच्या अर्थाने ‘झडती’च आहे असं म्हटलं, मात्र वीजपुरवठ्याच्या कामापुरती ती वाजवी ठरवली. पोलिसांनी मागितले असते तर उत्तर वेगळं आलं असतं, असंही सूचित केलं. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये याच मुद्द्यावर सक्तीचा कायदा अडवला. पुढे तिथे मीटर नाकारायची किंवा बसवून दुरून रीडिंग बंद ठेवायची मुभा मिळाली. बिलासाठी महिन्याची किंवा वेगवेगळ्या दरांच्या वेळांनुसार केलेली बेरीज पुरते. बारीक आकडे मीटरमध्येच राहावेत आणि संमतीने बाहेर जावेत, ही मागणी अवाजवी नाही.

रेडिओलहरींचा त्रास?

मीटर दिवसभरात फार थोडा वेळ प्रक्षेपण करतो, तेही भिंतीपलीकडून. मोजमापांत पातळी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या खूपच खाली आढळली आहे. कानाला लावलेला फोन याहून जास्त देतो.

नेटवर्क गेलं तर रीडिंग बुडतं का?

नाही. मीटर नोंदी काही आठवडे साठवून ठेवतो आणि जोडणी आली की पाठवतो.

छपरावर सौरपॅनेल आहेत. वेगळा मीटर लागेल?

बहुतेक स्मार्ट मीटर आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजतात, फक्त ती नोंद चालू करून घ्यावी लागते. सौरवाल्यांना याचा खरा उपयोग आहे, कारण दुपारी दिलेली वीज आणि संध्याकाळी घेतलेली वीज यांचा भाव पुढे एकसारखा राहणार नाही.

हे मीटर किती वर्षं टिकतात?

साधारण १५ वर्षं धरतात. चकतीचे मीटर तीस-चाळीस वर्षं चालत, त्यामुळे हा खर्च पुन्हा पुन्हा येणार हे हिशेबात धरायला हवं. इटलीने २०१७ पासून दुसऱ्या पिढीचे मीटर बसवायला घेतले. पुष्कळदा मीटर शाबूत असतो आणि त्याचं दळणवळण आधी मरतं: ब्रिटनमध्ये २जी जाळी २०३३ पर्यंत बंद व्हायची आहेत, म्हणजे त्यावरच्या मीटरांचा संपर्क-भाग त्याआधी बदलावा लागेल. संपर्काचा भाग मीटरपासून सुटा काढता येतो का आणि तो बदलायचा खर्च कोणाचा, हे दोन प्रश्न खरेदीच्या आधी विचारा.